काबेसा दे व्हाका: जिंकायला गेला, वैदू होऊन परत आला

स्पॅनिश एक्सप्लोरर म्हटलं की कोलंबस, कोर्तेस, पिझारो हीच नावं शाळेपासून डोक्यात बसलेली असतात, पण मला सगळ्यात जास्त भिडतो तो अल्वार नुन्येझ काबेसा दे व्हाका. आडनावाचा अर्थ 'गायीचं डोकं', ते आईकडून आलेलं.

जून १५२७ मध्ये नार्वाएझ नावाच्या स्पॅनिश सरदाराची मोहीम स्पेनहून निघाली, पाच जहाजं, सुमारे ६०० माणसं आणि हा खजिनदार. एप्रिल १५२८ ला फ्लोरिडात उतरल्यावर नार्वाएझनं जहाजं पुढे पाठवून दिली आणि ३०० जणांना घेऊन सोन्यासाठी आत घुसला, यानं विरोध केला होता पण ऐकतो कोण. जहाजांची चुकामूक झाली ती कायमची. सोनं नाहीच, वाट्याला आले तिथल्या अपालाची या स्थानिक लोकांचे बाण. शेवटी घोडे मारून खाल्ले, रिकिबी वितळवून खिळे केले, अंगातल्या शर्टांची शिडं शिवली, घोड्याच्या कातड्याच्या पखाली केल्या (त्या पुढे सडल्या) आणि पाच होड्यांतून निघाले. नोव्हेंबरात आजच्या टेक्सासच्या किनाऱ्यावर होड्या फुटल्या.

तिथून पुढची सात-आठ वर्षं म्हणजे वेगळाच जन्म. आधी गुलामासारखं राबला, मग शिंपले, कातडी, गारगोटी घेऊन टोळ्याटोळ्यांत फिरणारा फेरीवाला झाला आणि नंतर चक्क वैदू, एकाच्या छातीत रुतलेलं बाणाचं टोक त्यानं चिरून काढलं आणि टाके घातले. आत गेलेल्या ३०० पैकी मेक्सिकोला पोचले फक्त चौघं, त्यातला एक एस्तेवानिको, मोरोक्कोचा गुलाम.

१५३६ मध्ये त्यांना पहिले स्पॅनिश भेटले ते गुलाम पकडायला निघालेले. सोबतचे स्थानिक लोक मानायलाच तयार नव्हते की हे आणि ते एकच, कारण हे आजाऱ्याला बरं करतात, ते धडधाकटाला मारतात, हे उघडे अनवाणी, ते घोड्यावर. हे त्यानंच लिहून ठेवलंय, १५४२ साली छापलेल्या वृत्तांतात. पुढे कपडे मिळाले तर अंगाला सहन होईनात, झोप लागायची ती जमिनीवरच.

नंतर तो दक्षिण अमेरिकेतल्या रिओ दे ला प्लाता या स्पॅनिश प्रांताचा गव्हर्नर झाला, वाटेत इग्वासू धबधबा पाहिला, असुन्सियोनला (आजच्या पॅराग्वेची राजधानी) गेल्यावर तिथल्या स्थानिक ग्वारानी लोकांना छळू नका म्हणाला तर तिथल्या स्पॅनिशांचंच डोकं फिरलं. १५४४ ला बंड करून त्यांनी त्याला कैद केलं, बेड्या घालून स्पेनला धाडलं आणि १५५१ मध्ये कोर्टानं दोषी ठरवलं.