फिरून आलात आणि क्रेडिट कार्डावर भलतेच खर्च? तक्रार कुठे, पैसे कधी परत, कागदपत्रं कोणती

तुम्ही घरी कधी पोचलात याच्याशी बँकेला काही घेणंदेणं नाही, तक्रारीचे दिवस मोजले जातात ते त्या खर्चाचा बँकेचा मेसेज किंवा मेल आला तिथपासून. त्यामुळे मनालीत असताना मेसेज बघितला आणि "जाऊ दे, घरी गेल्यावर बघू" म्हटलं तर तेवढे दिवस हातचे गेले. जिथे असाल तिथूनच ॲपमधून कार्ड ब्लॉक करा, परदेशात असाल तर भारतातले टोल फ्री नंबर बऱ्याचदा लागत नाहीत, कार्डाच्या मागे परदेशातून लावायचा वेगळा नंबर असतो तो लावा. बाकीची कागदपत्रं घरी येऊन केली तरी चालतात.

आता पैसे परत मिळायला पात्र कोण, तर रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात हे दिलंय. चूक बँकेची असेल तर तुम्ही कळवा न कळवा, तुमच्यावर शून्य बोजा. चूक बँकेचीही नाही तुमचीही नाही, मधेच कुठेतरी कार्डाचा डेटा फुटला, तर 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं की तुमचा बोजा शून्य. 4 ते 7 दिवस लागले तर कार्डाची लिमिट 5 लाखांपर्यंत असेल तर दर व्यवहारामागे जास्तीत जास्त 10,000 रुपये तुमच्या अंगावर, लिमिट त्याहून मोठी असेल तर 25,000, आणि व्यवहारच त्याहून छोटा असेल तर तेवढाच. 7 दिवसांनंतर मग बँकेचं स्वतःचं धोरण काय म्हणतं ते.

हे दिवस कामकाजाचे आहेत हं, आणि मेसेज आला तो दिवस धरायचा नाही. समजा शुक्रवारी संध्याकाळी मेसेज आला, दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार, आणि सोमवारी गणेश चतुर्थीची बँकेला सुट्टी, तर मंगळवार पहिला दिवस आणि गुरुवार तिसरा. सुट्ट्या तुमच्या होम ब्रँचच्या कॅलेंडरप्रमाणे धरतात. पण म्हणून गुरुवारपर्यंत थांबू नका, उशीर जितका तितका बोजा वाढतो असं परिपत्रकच सांगतं.

आणि तुम्हीच कोणाला ओटीपी किंवा पिन सांगितला असेल तर? तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे लाजेखातर गप्प बसण्यात काहीच फायदा नाही, उलट तोटाच. बाय द वे चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे, फोनवरचा माणूस "सर ओटीपी टाकल्याशिवाय होतच नाही" असं ठोकून देतो तेव्हा हे शांतपणे ऐकवा. परदेशी वेबसाईटवर तर कित्येकदा ओटीपी न मागताच कार्ड चालतं.

तक्रारीआधी एक काम मात्र नीट करा, स्टेटमेंट घेऊन बसा आणि ओळन् ओळ बघा. हॉटेलच्या पाटीवर एक नाव आणि स्टेटमेंटवर त्यांच्या कंपनीचं भलतंच नाव, हे फार कॉमन आहे. चेक-इनला अडवून ठेवलेली डिपॉझिटची रक्कम, फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार) आणि त्यावरचा जीएसटी, हे सगळं फ्रॉडसारखंच दिसतं. आपलाच खर्च फ्रॉड म्हणून टाकला की बँक बाकीच्या खऱ्या ओळींवरही शंका घेते. उलट 1-2 रुपयांचे किरकोळ व्यवहार सोडू नका, कार्ड चालतंय का हे बघायला चोर आधी तेवढेच काढतात.

बँकेत कळवलं की तक्रार नंबर आणि वेळ लिहून घ्या, फोनवर बोललात तरी त्यानंतर एक मेल टाकाच. मग 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, पैसे अजून कुठे अडवता येत असतील तर ते इथूनच होतं, म्हणून हे बँकेच्या उत्तराची वाट बघत लांबवू नका. एफआयआरसाठी "गोव्यात झालं ना, मग गोव्यात जा" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होते, 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच ते आलंय. ऑनलाईन दिलीत तर 3 दिवसांत जाऊन सही करावी लागते.

कागदपत्रं बँकेगणिक थोडी बदलतात पण साधारण हेच मागतात: सही केलेला डिस्प्यूट फॉर्म (हा व्यवहार माझा नाही असं सांगणारा बँकेचा अर्ज), खोट्या व्यवहारांवर खुणा केलेलं स्टेटमेंट, सायबर तक्रारीची पावती किंवा एफआयआरची कॉपी, ओळखपत्र. आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात कामाचं म्हणजे तुम्ही तेव्हा कुठे होता याचा पुरावा, बोर्डिंग पास, हॉटेलचं बिल, पासपोर्टवरचे शिक्के. कार्ड पुण्यातल्या दुकानात स्वाइप झालं आणि तुम्ही त्या दिवशी बँकॉकमध्ये, याच्यावर बँकेला फार काही बोलता येत नाही, त्यामुळे आल्या आल्या बॅग आवरताना ते चिटोरे फेकू नका.

कळवल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती परत जमा करायची असते आणि 90 दिवसांत निकाल लावायचा असतो, क्रेडिट कार्ड असेल तर त्या रकमेवर व्याजही तुमच्या माथी नाही. पण तुमचे स्वतःचे खर्च ड्यू डेटला भरून टाका, नाहीतर त्यावरचं व्याज आणि लेट फी खरीच लागते.

30 दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा फेटाळलं, तर सीएमएस डॉट आरबीआय डॉट ऑर्ग डॉट इन वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फुकट आहे, वकील लागत नाही, फक्त बँकेला आधी लेखी कळवल्याचा पुरावा जोडायचा. आणि वाद चालू असताना थकबाकीदार म्हणून तुमचं नाव सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला, पाठवायचं नसतं, तरी रिपोर्ट काढून बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. चुकीची नोंद दिसली तर तिथेही तक्रार टाका, 30 दिवसांत सुटली नाही तर पुढच्या दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते, एप्रिल 2024 पासूनचा नियम आहे.