जोझिनी : जिथे पूर सोडून घ्यावा लागतो

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात, एस्वातिनी आणि मोझांबिकच्या सीमांना खेटून जोझिनी ही म्युनिसिपालिटी आहे. नावावर जाऊ नका. ही नगरपालिका नव्हे, आपल्याकडच्या तीन-चार तालुक्यांएवढा, सुमारे 3,400 चौरस किलोमीटरचा ग्रामीण मुलूख आहे. 2011च्या जनगणनेत इथे 1,86,502 लोक होते. बहुतेक सगळे झुलू बोलतात. उत्तरेकडे थोंगा समाजाच्या चालीरीतीही टिकून आहेत. जोझिनी, म्कुझे आणि इंग्वावुमा ही बाजाराची गावे सोडली, तर बाकी सगळी वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली आहे.

पश्चिमेला लेबोंबो डोंगराची रांग. गोंडवाना हे प्राचीन महाखंड फुटताना ओतलेल्या ज्वालामुखी खडकांची ही भिंत आहे. तिच्या पूर्वेला माखाथिनीचे सपाट मैदान पसरले आहे, आणि त्याखाली क्रेटेशियस म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळातल्या समुद्राचा गाळ आहे. फोंगोलो नदी डोंगर चिरून मैदानात उतरते. नेमक्या त्या घळईत 89 मीटर उंचीचे काँक्रीटचे कमानी धरण बांधून 1973 साली पूर्ण झाले. साठा सुमारे 80 टीएमसी. गोऱ्या शेतकऱ्यांना वसवून ऊस पिकवायचा, असा मूळ बेत होता. साखरेचे भाव पडले, बेत बारगळला आणि पाणी अडून राहिले.

त्याआधी मैदानाचे अर्थकारण नदीच्या पुरावर चालत असे. उन्हाळा म्हणजे तिथला पावसाळा, नोव्हेंबर ते मार्च. त्या दिवसांत फोंगोलो काठ ओलांडून सुमारे 10,000 हेक्टरवर पसरायची आणि नव्वदेक तळी भरायची. पाणी ओसरले की कडेच्या ओल्या पट्ट्यात मका, भोपळा, रताळी निघत. हरळी फुटे, होय, आपल्या गणपतीच्या दुर्वांचीच ती जात. बाकी माळ वाळलेला असताना गुरे तिच्यावर जगत. मासे उथळ पाण्यात अंडी घालत. त्यांतली एक जात आपल्याही ओळखीची आहे : 1952 साली भारतात आणलेला मोझांबिक टिलापिया मूळचा याच भागातल्या नद्यांचा. हिवाळ्याअखेर तळी आटली की लोक रांग धरून पाण्यात उतरत. प्रत्येकाच्या हातात वरून भोक असलेली शंकूच्या आकाराची टोपली. ती चिखलात दाबायची, आत मासा आपटला की वरच्या भोकातून हात घालून धरायचा. या सामूहिक मासेमारीला फोन्या म्हणतात.

पुराचे आणखी एक काम सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. खालच्या समुद्री थरांतून खारट पाणी तळ्यांत झिरपत राहते, वर ऊन बाष्पीभवन करते, आणि मीठ साचत जाते. पूर ते धुऊन नेतो. एक-दोन वर्षे पूर चुकला, तर तळे नुसते आटत नाही, खारट होते. आधी पाणवनस्पती जातात, मग त्यांच्यावर जगणारे मासे आणि बदके.

धरणानंतर पूर येत नाही, सोडावा लागतो. आणि सोडणे वाटते तितके सोपे नाही. प्रत्येक तळे नदीला एका चराने जोडलेले असते आणि चराच्या तोंडाशी एक उंबरा असतो. नदीची पातळी उंबऱ्याच्या वर गेली तरच पाणी आत शिरते. तेच पाणी महिनाभर थोडे थोडे सोडले, तर ते पात्रातूनच उसुथु नदीला मिळते आणि मापुतो नदी बनून मोझांबिकमध्ये निघून जाते. तळी कोरडी ती कोरडीच. म्हणून विसर्ग झपाट्याने सेकंदाला काही शे घनमीटरपर्यंत चढवायचा, दूरची आणि उंचावरची तळी भरेपर्यंत टिकवायचा, मग हळूहळू उतरवायचा. घाईने बंद केला, तर भिजलेले काठ ढासळतात आणि मासे खड्ड्यांत अडकतात. आधी काठावरचे पंप वर ओढायचे, गुरे हलवायची, मोझांबिकला कळवायचे. एवढे जमले तरी एक उणीव उरतेच. गाळ धरणात बसलेला असतो, त्यामुळे खाली पोचणारा पूर जमिनीला नवी माती देत नाही.

खरा तंटा तारखेचा. गुरेवाल्यांना कोरडा हिवाळा संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी हवे. माशांना ऐन उन्हाळ्यातला, कोमट पाण्याचा पूर मानवतो. कापूसवाल्यांची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरातली, त्यानंतर पूर आला की पीक पाण्याखाली. 1980च्या दशकात मच्छीमार, गुरेवाले, शेतकरी आणि स्त्रियांचे प्रतिनिधी घेऊन पाणी समित्या बनल्या, त्या याच भांडणातून. विसर्ग बहुधा ऑक्टोबरात होऊ लागला. माशांच्या पदरात सगळ्यात कमी पडले, असे माझे मत आहे; समितीत मच्छीमार बसतो, मासा बसत नाही.

कापसाची गोष्ट विदर्भाच्या वाचकाला नवी नाही. भारतात बीटी कापसाला 2002 साली परवानगी मिळाली; माखाथिनीच्या छोट्या शेतकऱ्यांनी तो 1990च्या दशकाअखेरीसच लावला होता. बोंडअळीवरची फवारणी घटली. तुडतुड्यांवर मात्र बीटीचा काही परिणाम होत नाही, ती फवारणी राहिलीच. पण घात झाला तो कर्जाच्या बाजूने. इथली बहुतांश जमीन झुलू राजा विश्वस्त असलेल्या इंगोन्यामा ट्रस्टच्या ताब्यात, वाटप इन्कोसी म्हणजे परंपरागत प्रमुखाकडे. कसायला मिळते, पण विकता येत नाही, त्यामुळे बँक ती तारण घेत नाही. एकच जिनिंग कंपनी बियाणे आणि औषध उधार द्यायची आणि कापूस आला की वसूल करायची. 2002 साली शेजारी दुसरे जिनिंग उभे राहिले. अनेकांनी उधारी एकीकडे ठेवली आणि कापूस दुसरीकडे घातला. पहिल्या कंपनीने उधार देणे थांबवले, आणि लागवड करणाऱ्यांची संख्या कोसळली. भाव आणि दुष्काळ हेही होतेच. आज घरखर्चाचा मोठा आधार सरकारी अनुदानांचा आहे : बालसंगोपनाचे पैसे, वृद्धांची पेन्शन, शिवाय बाहेरगावी कमावणाऱ्यांनी पाठवलेली रक्कम.

आणि पिण्याचे पाणी? धरण उशाला, कोरड घशाला. कारण भूगोलात आहे. जलाशय समुद्रसपाटीपासून 140 मीटरच्या आसपास, तर इंग्वावुमा लेबोंबोच्या माथ्यावर, त्याहून अर्धा किलोमीटर उंच. एक घनमीटर पाणी 550 मीटर चढवायला निव्वळ दीड युनिट वीज लागते. पंपाची आणि नळातल्या घर्षणाची तूट धरली तर दोनाच्या वर. शुद्धीकरण वेगळे. त्यात वाड्या विखुरलेल्या, म्हणजे दर घरामागे नळाची लांबी जास्त आणि गळतीच्या जागाही जास्त. पंप बंद पडला की टँकर, झरे आणि छपरावरचे पाणी साठवायच्या प्लास्टिकच्या टाक्या.