ब्रिस्बेनला निघण्यापूर्वी: आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

ऑस्ट्रेलियाच्या सहलीचा बेत आखताना बहुतेक कुटुंबे सिडनी आणि मेलबर्नसाठी भरपूर दिवस राखून ठेवतात, आणि ब्रिस्बेनला मात्र गोल्ड कोस्टच्या वाटेवरचा एका रात्रीचा मुक्काम एवढेच स्थान देतात. क्वीन्सलँड राज्याच्या या राजधानीला किमान तीन पूर्ण दिवस द्यावेत, असा आमचा आग्रह आहे. शहराच्या मधून वळणे घेत जाणारी नदी आणि वर्षातला बराच काळ लख्ख असणारे ऊन या दोन गोष्टींभोवती इथला दिवस फिरतो. त्यांच्या कलाने कार्यक्रम आखला, तर सहल सुखाची होते.

केव्हा जावे

तिकडचे ऋतू आपल्या उलट असल्यामुळे मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी, या दोन्ही वेळा ब्रिस्बेनसाठी चांगल्या ठरतात. मे महिन्यात उन्हाळा सरलेला असतो, हवा कोरडी होऊ लागते आणि पहाटे एखादा स्वेटर पुरतो. जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा असून त्या काळात दुपारचे तापमान साधारण 21 ते 23 अंश सेल्सिअस असते. दिवाळीच्या सुमारास शहरभर नीलमोहर फुललेला असतो. न्यू फार्म पार्कमधील झाडांखाली जांभळ्या पाकळ्यांचा सडा पडतो आणि स्थानिक कुटुंबे त्यावरच चादर अंथरून डबे उघडतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ मात्र उष्ण, दमट आणि वादळी पावसाचा असल्याने, लहान मुले किंवा ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर तो टाळावा.

मुंबईहून ब्रिस्बेनला सध्या थेट विमान नसल्याने सिंगापूर किंवा क्वालालंपूरसारख्या ठिकाणी विमान बदलावे लागते. ब्रिस्बेनचे घड्याळ भारताच्या साडेचार तास पुढे असते, आणि क्वीन्सलँडमध्ये उन्हाळ्यात घड्याळे पुढे सरकवण्याची पद्धत नसल्यामुळे हा फरक वर्षभर तसाच राहतो. सिडनीहून ऑक्टोबर ते मार्च या काळात ब्रिस्बेनला येत असाल, तर एका तासाचा फरक लक्षात ठेवावा. विमान चुकण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

नदीवरून शहर पाहावे

ब्रिस्बेन नदीवर 1996 पासून ‘सिटीकॅट’ नावाच्या वेगवान जोडनौका धावतात. या पर्यटकांसाठी काढलेल्या खास फेऱ्या नसून कामावर जाणारे लोक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी रोज वापरतात अशी ही सार्वजनिक वाहतूक आहे. ऑगस्ट 2024 पासून क्वीन्सलँडमधील सार्वजनिक बस, रेल्वे, ट्राम आणि नदीवरील फेऱ्यांचे भाडे कितीही अंतरासाठी 50 सेंट आहे. विमानतळावरून शहरात येणाऱ्या रेल्वेला हा दर लागू होत नाही, तिचे भाडे वेगळे आणि बरेच जास्त असते. चौघांचे कुटुंब असेल, तर टॅक्सीचा खर्च आधी ताडून पाहावा.

पहिल्या दिवशी दुसरे काहीच ठरवू नये आणि सकाळी सिटीकॅटमध्ये बसून सेंट ल्युसिया येथील विद्यापीठाच्या धक्क्यापासून हॅमिल्टनपर्यंत जावे. या प्रवासाला एका तासाहून अधिक वेळ लागतो. बोट कधी या काठाला, तर कधी त्या काठाला लागते. धक्का जवळ आला की कर्मचारी खुंट्याला दोर टाकून बोट बांधतो, फळी उघडतो आणि त्याने सांगितल्यावरच प्रवासी पुढे सरकतात. पुढच्या उघड्या भागात उभे राहायला जागा मिळाली, तर ती सोडू नये. कांगारू पॉइंटचे उभे कडे आणि त्यानंतर 1940 मध्ये वाहतुकीसाठी खुला झालेला पोलादी स्टोरी ब्रिज तिथून थेट डोक्यावरून जाताना दिसतो. पाण्याचा रंग गढूळ तपकिरी असतो, कारण समुद्राची भरती-ओहोटी शहराच्या आतपर्यंत येते. ही नदी शांत दिसत असली, तरी 1893, 1974, 2011 आणि 2022 मध्ये तिच्या पुराने शहराची मोठी हानी केली आहे. नदीत बुल शार्क असतात, त्यामुळे पाण्यात उतरण्याचा विचारही करू नये.

पोहण्याची हौस साउथ बँक येथे भागवता येते. 1988 च्या जागतिक प्रदर्शनाची ही जागा 1992 मध्ये उद्यान म्हणून लोकांसाठी खुली झाली. तिथे वाळूसह तयार केलेला स्ट्रीट्स बीच हा किनारा आहे, जीवरक्षक असतात आणि प्रवेश विनामूल्य आहे. त्याच उद्यानात नेपाळी कारागिरांच्या हातची कोरीव लाकडी शांतिवास्तू आहे. प्रदर्शन संपल्यावर बाकीचे बरेच काही हलवले गेले, पण ही वास्तू ब्रिस्बेनकरांनी राखून ठेवली. तिच्या खांबांवरचे नक्षीकाम जवळ जाऊन निवांत पाहावे.

लोन पाइन कोआला अभयारण्य 1927 मध्ये सुरू झाले असून शहरातून तिथे नदीमार्गेही जाता येते. कोआला कडेवर घेऊन छायाचित्र काढण्याची सोय तिथे जुलै 2024 पासून बंद झाली आहे. जुन्या सहलींची छायाचित्रे पाहून मुलांना तसे आश्वासन देऊ नये, ही विनंती. ज्या प्राण्याला दिवसातले बहुतेक तास झोप लागते, त्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच झाला, असे आम्हाला वाटते. कांगारूंना हाताने चारा देता येतो आणि मुले त्यातच रमतात.

उन्हाबद्दल

आपण उन्हाच्या देशातले, आपल्याला काय होणार, हा समज कृपया घरीच ठेवावा. ब्रिस्बेनमध्ये हवा थंड असताना आणि आकाशात ढग असतानाही अतिनील किरण तीव्र असतात. या किरणांचा निर्देशांक 3 किंवा अधिक असेल, तेव्हा त्वचेचे संरक्षण करावे असा तिथला आरोग्यविषयक सल्ला आहे, आणि ब्रिस्बेनमध्ये हिवाळ्यातही भर दुपारी तो त्या पातळीला पोहोचतो. उन्हाळ्यात तो 11 च्या वर जातो. रुंद काठाची टोपी, गॉगल, पूर्ण बाह्यांचा सुती कपडा आणि 50 किंवा त्याहून अधिक संरक्षणांकाचे सनस्क्रीन सर्वांनी वापरावे, आणि ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे.

म्हणूनच आम्ही दिवसाचे वेळापत्रक सकाळ आणि संध्याकाळ उघड्यावर, दुपार छपराखाली असे आखतो. दुपारसाठी साउथ बँकला लागूनच असलेले क्वीन्सलँड आर्ट गॅलरी आणि आधुनिक कलादालन उत्तम आहे. तिथल्या कायमस्वरूपी संग्रहाला प्रवेशमूल्य नाही. सूर्यास्ताला माउंट कूट-था या टेकडीवर जावे. वळणे घेणारी सगळी नदी, आणि हवा स्वच्छ असेल तर मोरटन उपसागरही तिथून दिसतो.

क्रिकेटप्रेमींनी वुलूनगाबा भागातील गाबा मैदान पाहावे. 1988 पासून ऑस्ट्रेलियाने जिथे कसोटी गमावली नव्हती, तिथे 19 जानेवारी 2021 रोजी अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली भारताने 328 धावांचे लक्ष्य गाठले. पालघरच्या शार्दुल ठाकूरने त्या सामन्यात 67 धावा काढल्या आणि सात बळी घेतले. 2032 च्या ऑलिंपिकनंतर हे मैदान पाडण्याचे राज्य सरकारने जाहीर केले आहे, त्यामुळे ही भेट लांबणीवर टाकू नये.

सामान आणि कागदपत्रे

विमानात दिल्या जाणाऱ्या प्रवेशपत्रकात खाद्यपदार्थांची माहिती लपवणे हा ऑस्ट्रेलियात दंडनीय गुन्हा आहे. पेढे, बर्फी यांसारखी दुधाची मिठाई, ताजी फळे, कढीपत्ता आणि पेरण्याजोगे बियाणे नेऊच नये. चिवडा, मसाले, लोणचे यांसारखे जे काही बरोबर असेल, त्याबाबत ‘होय’ असे लिहावे आणि अधिकाऱ्याला दाखवावे. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतला जातो, दडवलेला सापडला तर दंड होतो. नियमित औषधे डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात आणि तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ पुरणार नाहीत इतकीच न्यावीत.

तिथल्या विजेच्या खोबणीत आपली गोल पिनांची जोडणी बसत नाही, त्यामुळे तिरक्या चपट्या पिनांचा अडॅप्टर घ्यावा. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. तातडीच्या मदतीसाठी 000 हा क्रमांक आहे.

भारतीय नागरिकांना पर्यटनासाठी उपवर्ग 600 चा व्हिसा लागतो. तो ऑनलाइन मिळतो आणि पारपत्रावर शिक्का किंवा चिकटपट्टी येत नाही, म्हणून मंजुरीपत्राची छापील प्रत जवळ बाळगावी. अर्जाला लागणारा वेळ कमी-अधिक होत असल्याने पारपत्र, बँकेचे खातेउतारे आणि नोकरी किंवा व्यवसायाचे पुरावे प्रवासाच्या किमान दोन महिने आधी आमच्या कार्यालयात आणून द्यावेत, आणि व्हिसा हाती येईपर्यंत परतावा न मिळणारी तिकिटे काढू नयेत.