पियानोची घडण

पियानोची घडण : विजेवाचून वाजणारा, म्हणजे ध्वनिक पियानो तयार करण्यासाठी लागणारी द्रव्ये व कारागिरी. लाकूड, ओतीव लोखंड, पोलाद आणि लोकरीचा नमदा (फेल्ट) ही त्यातली मुख्य द्रव्ये.

फ्लोरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास पहिला पियानो बनवला. त्याने १७२० साली केलेला एक पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्या काळी तारा बारीक होत्या आणि लाकडी चौकट त्यांना पुरेशी होती. पुढे मोठ्या सभागृहांसाठी दमदार आवाज हवा झाला, तारा जाड झाल्या, ताण वाढला आणि लाकूड तो सोसेना. १८२५ मध्ये बॉस्टनच्या ॲल्फियस बॅबकॉकने चौकोनी पियानोसाठी एकसंध लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले. १८४३ मध्ये बॉस्टनच्याच जोनास चिकरिंगने ग्रँड, म्हणजे आडव्या पंखाकृती पियानोसाठी तसेच पेटंट घेतले. आजच्या मैफिलीच्या ग्रँड पियानोत सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण २० टनांच्या घरात जातो. ओतीव लोखंड इतका दाब सोसते आणि स्वतः फारसे घुमत नाही, म्हणून ते इथे योग्य ठरते.

पियानोच्या प्रतीची चर्चा बहुधा कंपनीच्या नावापासून सुरू होते. ती खरे तर ध्वनिफलकापासून, म्हणजे तारांखालच्या पातळ लाकडी फळीपासून व्हायला हवी. तार एकटी जवळजवळ मुकी असते, कारण इतक्या बारीक वस्तूला हवा ढकलता येत नाही. तिचे कंपन घोडीवाटे, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या लाकडी पट्टीवाटे, ध्वनिफलकात उतरते आणि ऐकू येतो तो या फळीचा नाद. फळी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची असते. थंड, उंच प्रदेशात सावकाश वाढलेल्या झाडाची वलये दाट आणि एकसारखी असतात. असे लाकूड वजनाला हलके पण ताठ असते. इटलीतील व्हाल दि फिएम्मे खोऱ्याचा स्प्रूस व्हायोलिन बनवणाऱ्यांमध्ये पूर्वीपासून नावाजलेला आहे आणि साचिले येथील फाझिओली ही कंपनी तोच वापरते. अमेरिकेत सिट्का स्प्रूसला पसंती आहे.

ओंडका असा चिरतात की वलये फळीच्या पृष्ठाशी काटकोनात उभी राहतील. मग पट्ट्या दीर्घकाळ वाळवून, निवडून, एकमेकींना चिकटवतात. स्प्रूसमध्ये तंतूंच्या दिशेने ध्वनी सेकंदाला सुमारे ५ किमी. वेगाने धावतो, पण आडवा जाताना फार मंदावतो. ही तफावत कमी करण्यासाठी फळीच्या पाठीमागे तंतूंना आडव्या अशा बरगड्या बसवतात. फळीला मध्यभागी किंचित फुगवटाही देतात, म्हणजे तारांचा खाली येणारा दाब ती पेलते. मध्यभागी तिची जाडी ८-९ मिमी. आणि कडेला त्याहून कमी असते. या किंचित फरकावर आवाज खुलणार की दबणार हे ठरते, म्हणून अनुभवी कारागीर फळी बोटांनी ठोकून कान लावतो.

बाहेरच्या वळणदार भिंतीबाबत दोन परंपरा आहेत. न्यूयॉर्कच्या स्टाइनवे कंपनीने १८८० मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत मेपल या झाडाच्या कठीण लाकडाचे पातळ थर सरस लावून एकावर एक रचतात. मोठ्या ग्रँडसाठी असे सुमारे १८ थर लागतात. कारागिरांचे पथक हा लांबलचक पट्टा उचलून साच्याभोवती वळवते आणि सरस धरण्याआधी तो आवळून टाकते. अशी भिंत कंपने फळीतच राखते. व्हिएन्नाची बोझेनडॉर्फर कंपनी (स्थापना १८२८) मात्र भिंतीतही स्प्रूस वापरते, त्यामुळे सगळी पेटीच नादात भाग घेते. पहिल्या रीतीत झेप आणि धार अधिक, दुसरीत गोडवा; श्रेष्ठ कोणती हा वाद निरर्थक आहे.

तारा उच्च कार्बन पोलादाच्या असतात. सर्वांत वरच्या स्वराची तार जेमतेम ५ सेंमी. लांब असते. खर्जाच्या तारा त्या हिशेबाने फारच लांब कराव्या लागतील, म्हणून त्यांवर तांब्याची तार गुंडाळून वजन वाढवतात. तारा ताणून सूर लावण्याच्या खुंट्या मेपल किंवा बीच या कठीण लाकडांच्या थरांच्या फळीत केवळ घर्षणाने पकडलेल्या असतात. ती पकड सैल पडली की कितीही वेळा लावा, पियानो सूर धरत नाही. जुना पियानो विकत घेताना ही गोष्ट सर्वांत आधी तपासावी.

बोटाने पट्टी दाबली की एक हातोडी तारेवर आपटते; पट्टीपासून हातोडीपर्यंतची ही यंत्रणा हजारो सुट्या भागांची असते. पट्टी पूर्ण न सोडता तोच स्वर पुन्हा वाजवण्याची सोय सेबास्तियाँ एरारने १८२१ मध्ये केली. पट्ट्यांवरचे हस्तिदंत आता इतिहासजमा झाले आहे. कृत्रिम द्रव्ये आधीच रुळू लागली होती; हस्तिदंताच्या व्यापारावरील १९८९ च्या आंतरराष्ट्रीय बंदीनंतर त्यांनी त्याची जागा घेतली.

शेवटचे काम हातोड्यांचे. लाकडी गाभ्यावर नमदा प्रचंड दाबाने बसवलेला असतो. तो फार घट्ट असेल तर स्वर टोचतो. मग कारागीर यंत्रणा बाहेर ओढतो, मुठीत बसवलेल्या तीन-चार सुया हातोडीच्या खांद्यांत खोचतो, यंत्रणा आत सारून स्वर वाजवतो आणि ऐकतो. माथ्यावर, जिथे तार आपटते तिथे, तो सहसा हात लावत नाही, कारण अती टोचून ढिला पडलेला नमदा पूर्ववत होत नाही. ८८ हातोड्या एकमेकींशी जुळेपर्यंत हे चालते. कारखान्यातली यंत्रे कितीही सुधारली तरी हे काम कानावरच आहे.

लाकूड हवेतला ओलावा पीत राहते. वसाहतींच्या काळात उष्ण प्रदेशांसाठी युरोपीय कारखाने सागवानी पेटीचे, सांध्यांना पितळी स्क्रू लावलेले पियानो बनवत, कारण दमट हवेत सरस सुटे. मुंबई-गोव्यात पावसाळ्यात ध्वनिफलक फुगून सूर चढतो आणि कोरड्या हवेत उतरतो. त्यामुळे ऐन पावसात घाईने जुळवून घेण्यापेक्षा हवा स्थिरावल्यावर सूर लावून घेणे बरे. पियानो बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा उघड्या खिडकीखाली ठेवू नये.