तराजू आणि टाइल्स: 'दोनने भागलं' की कुठे चालतं, कुठे नाही

'बीजगणित कृतीतून शिकवा' म्हटलं की कपाटातून दोन वस्तू हमखास बाहेर येतात, एक तराजू आणि दुसऱ्या टाइल्स, म्हणजे क्ष², क्ष आणि १ दाखवणारे चौकोनी तुकडे. आज ही, उद्या ती, दोन्ही सारख्याच, अशा समजुतीनं त्या वापरल्या जातात. मग नववी-दहावीत तीच मुलं 'अवयव पाडा' या प्रश्नाखाली '= ०' लिहून क्षची किंमत काढून मोकळी होतात, आणि सगळे म्हणतात, मुलांचं लक्ष नसतं. लक्ष असतं हो. तराजू समीकरणासाठी आणि टाइल्स बैजिक राशीसाठी (म्हणजे बरोबरचं चिन्ह नसलेली, २क्ष + ६ सारखी मांडणी), एवढं कुणी नीट सांगितलेलं नसतं.

तराजूबद्दल फार लिहायला नको, तो खालच्या वर्गांपासून ओळखीचा आहे. फक्त ठाण्यात काय किंवा वाशीत काय, भाजीवाल्याकडेही आता डिजिटल काटा दिसतो, म्हणून दोन पारडी म्हणजे काय ते आधी दाखवावं लागतं. कपड्यांचा हँगर घ्या, दोन्ही टोकांना सारख्या लांबीच्या दोऱ्यानं कागदी पेले बांधा. वजनाला एकाच मापाचे नट वापरा, नाणी नकोत; जुनं आणि नवं एक रुपयाचं नाणं सारख्या वजनाचं नसतं. क्ष म्हणजे पातळ कागदाच्या पुडीत बांधलेले नट. इथे काडेपेटी घेतली की फसलात. आत ४ नट असले तरी पेटीचं स्वतःचं वजन असतं, त्यामुळे समोर ४ नट टाकून हँगर सरळ होत नाही आणि सगळा तास त्यातच जातो. उणे संख्या आली की तराजू ठेवून द्यावा. २क्ष − ३ = ७ साठी पारड्याला फुगे बांधायची टूम निघाली आहे, ती मुळीच करू नये. मुलांना फुगा लक्षात राहतो, उणे तीन नाही.

टाइल्सचे संच विकत मिळतात, पण एका ए-फोर कार्डशीटमधून एका बाकाचा संच सहज निघतो. कागद आडवा धरायचा. वरच्या ओळीत ७.३ सेंटिमीटर बाजूचे ३ चौरस (हे क्ष²) आणि उरलेल्या जागेत ७.३ × २ च्या ३ उभ्या पट्ट्या (हे क्ष). दुसऱ्या ओळीत आणखी ७ पट्ट्या, आणि शेजारी २ × २ च्या २१ चौकटी (हे १). खाली उरलेल्या भागातून जादा चौकटी काढून ठेवा, त्या हरवतातच. ७.३ हा आकडा मुद्दाम घेतला आहे. पट्टी ८ सेंटिमीटरची केली तर मुलं शेजारी चौकटी लावून बघतात आणि 'क्ष म्हणजे ४' असं ठरवून टाकतात. ७ सेंटिमीटरलाही दोन पट्ट्या मिळून सात चौकटी भरतात. क्ष मोजता येता कामा नये. कार्डशीट निळी घ्या आणि कापण्याआधी मागे लाल कागद चिकटवा; निळी बाजू अधिक, लाल बाजू उणे. जूनमध्ये वर्गातला पंखा बंद करा म्हणायची सोय नसते आणि कार्डशीट उडते, त्यामुळे शक्य असेल तर फोमशीट घ्या.

साहित्य, खर्च, गोंगाट, लागणारा वेळ, हे फरक किरकोळ आहेत. खरा फरक एकच: काय उचलून बाजूला ठेवायची मुभा आहे.

तराजूवर २क्ष + ६ = १० मांडा. दोन्ही पारड्यांतलं निम्मं निम्मं काढलं तर क्ष + ३ = ५ उरतं आणि हँगर सरळच राहतो. आधी क्ष २ होता, अजूनही २ आहे. निम्मं फेकून दिलं तरी आपल्याला हवी ती गोष्ट जागेवर आहे, कारण आपण क्षची किंमत शोधत होतो, पारड्यातलं वजन नव्हे.

आता बाकावर टाइल्सनी नुसतं २क्ष + ६ मांडा. दोन ओळी, प्रत्येकीत एक पट्टी आणि तीन चौकटी. 'अवयव पाडा' म्हटल्यावर काय होतं ते मुलाच्या हाताकडे बघून कळतं. दुसरी अख्खी ओळ उचलली जाते, डब्यात जाते आणि वहीत उत्तर येतं क्ष + ३. विचारलं तर, 'दोनने भागलं.' तराजूवर हेच करून शाबासकी मिळालेली असते ना! पण इथे समोर दुसरं पारडं नाही. आयताचं क्षेत्रफळ निम्मं झालं, म्हणजे राशीच बदलली. ओळ बाकावरच ठेवायची आणि बाजू वाचायच्या: एक बाजू २, दुसरी क्ष + ३. उत्तर २(क्ष + ३). तो २ म्हणजे ओळींची संख्या, तो कुठेही जात नाही.

ताळा करायला लावा. क्ष = १ घेतलं तर २क्ष + ६ होतात ८, क्ष + ३ होतात ४. (ताळ्याला −३ देऊ नका, दोन्ही शून्य येतात आणि चूक झाकली जाते.)

दहावीत हाच घोटाळा गुण खातो. २क्ष² + १०क्ष + १२ = ० सोडवताना सुरुवातीलाच २ ने भागावं, शहाणपणाचं आहे. पण '२क्ष² + १०क्ष + १२ चे अवयव पाडा' असेल तर (क्ष + २)(क्ष + ३) हे उत्तर चूक, पुढे २ हवाच. 'तेच तर आहे' म्हणून हे सोडून देणारे क्लासवाले डोक्यात जातात.

क्ष² + ५क्ष + ६ मात्र टाइल्सवर मन लावून करा. क्ष² च्या चौरसाला उजवीकडे ४ आणि खाली १ अशा पट्ट्या लावल्या की कोपऱ्यात ४ चौकटींपुरतीच जागा होते, २ बाहेर राहतात. ३ आणि २ लावल्या की सहाच्या सहा बसतात. 'बेरीज ५, गुणाकार ६' हे पाठ करण्याआधी डोळ्यांना दिसतं. तराजूवर हे दाखवताच येत नाही.

गोंधळाला आणखी एक कारण आहे: टाइल्स समीकरणालाही वापरता येतात. त्यासाठी बाकाच्या मधोमध खडूनं उभी रेघ मारायची, ती रेघ म्हणजे बरोबरचं चिन्ह. रेघ असेल तर दोन्हीकडे सारखं घाला, सारखं काढा. रेघ नसेल तर काढणं बंद. घालायचंच असेल तर निळ्यासोबत तितकंच लाल घालायचं, म्हणजे एकूण शून्य.

पूर्ण वर्ग पद्धतीला, म्हणजे राशीत भर घालून तिचा (क्ष + ३)² सारखा वर्ग करायला, ही रेघ फार उपयोगी पडते. क्ष² + ६क्ष मांडा, ३ पट्ट्या उजवीकडे, ३ खाली. कोपरा ९ चौकटींचा रिकामा. रेघेपलीकडे −५ असेल, तर ९ दोन्हीकडे घाला: (क्ष + ३)² = ४, म्हणून क्ष = −१ किंवा −५. रेघच नसेल तर कोपऱ्यात ९ निळ्या घाला आणि ९ लाल बाहेर ठेवा: (क्ष + ३)² − ९. त्या लाल ९ चौकटी मुलं हळूच डब्यात टाकतात, म्हणून डबाच तेवढा वेळ आपल्या टेबलावर घेऊन ठेवावा.