पार्श्वभूमी : नॅशनल मॉलवरची पाच एकर जागा

वॉशिंग्टनमधल्या नॅशनल मॉलवर, म्हणजे राजधानीतल्या स्मारके-संग्रहालयांच्या मोकळ्या पट्ट्यावर, आफ्रिकी-अमेरिकी इतिहास व संस्कृतीचे राष्ट्रीय संग्रहालय २४ सप्टेंबर २०१६ रोजी खुले झाले. बातम्यांमध्ये त्याची कथा २००३ च्या कायद्यापासून सुरू होते. मागणी मात्र १९१५ ची. यादवी युद्ध संपल्याला पन्नास वर्षे झाली म्हणून उत्तरेच्या बाजूने लढलेले माजी सैनिक राजधानीत जमले, तेव्हा त्यांच्यातल्या कृष्णवर्णीयांच्या व्यवस्थेसाठी जमलेल्या मंडळींनी स्मारकाची कल्पना पुढे आणली. (जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केले, ती अर्पणपत्रिका आपल्याकडे सर्वांना पाठ असते, पण त्या दास्यमुक्तीसाठी पावणेदोन लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय स्वतः सैन्यात उतरले होते, हे क्वचितच सांगितले जाते.) त्याच १९१५ मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या दहशती संघटनेच्या बुरखेधाऱ्यांना नायक ठरवणारा मूकपट थेट व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला होता.

४ मार्च १९२९ रोजी, पद सोडण्याच्या दिवशी, तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी स्मारकाच्या ठरावावर सही केली. मेख अशी, की आधी लोकांकडून पाच लाख डॉलर जमवायचे, मगच सरकार पन्नास हजार देणार. काही महिन्यांत मंदी आली आणि विषय फायलीत गेला. राष्ट्रीय पातळीवर दार बंद असताना जपणुकीचे काम इतरांनी केले : एका संग्राहकाची हजारो पुस्तके व हस्तलिखिते १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आली, १९६१ मध्ये शिकागोत एका राहत्या घरात संग्रहालय सुरू झाले, १९६५ मध्ये डेट्रॉइटला एका डॉक्टरने तेच केले. राष्ट्रीय संग्रहालये चालवणाऱ्या स्मिथसोनियन या सरकारी संस्थेने १९६७ मध्ये शहराच्या कडेच्या वस्तीत, जुन्या चित्रपटगृहात, एक छोटे संग्रहालय काढले. मॉलवर नाही.

नागरी हक्कांच्या मोर्चात सेल्माच्या पुलावर पोलिसांचा मार खाल्लेला एक खासदार, जॉन लुईस, १९८८ पासून दर नव्या संसदेत संग्रहालयाचे विधेयक मांडत राहिला. १९९४ मध्ये दक्षिणेतल्या एका सिनेटरने ते अडवले. एका गटाला दिले की बाकीचे रांग लावतील, हा त्यांचा मुद्दा. शेवटी १६ डिसेंबर २००३ रोजी कायदा झाला. जागा कोणती, हे मात्र त्यात ठरले नव्हते.

खरे भांडण इथे सुरू होते. अभ्यास आयोगाला संसद भवनाजवळची जागा हवी होती, ती गळाली. कायद्याने चार पर्याय ठेवले : १८८१ ची मोडकळीला आलेली प्रदर्शन-इमारत, एका सरकारी कचेरीचा भूखंड, एका लांबच लांब रस्त्याच्या टोकाचा आडबाजूचा उंचवटा, आणि वॉशिंग्टन स्मारकस्तंभाशेजारचे पाच एकर. घोळ असा, की महिनाभर आधीच संसदेने दुसऱ्या कायद्यात मॉल ही जवळजवळ पूर्ण झालेली कलाकृती आहे, तिथे नवी भर नको, असे म्हटले होते. विरोधकांनी नेमके तेच धरले. स्तंभाभोवतीचे मोकळे मैदान बुजेल, दृश्य अडेल, हा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण मॉल म्हणजे कुणी हात न लावलेली हिरवळ, हे चित्र खोटे होते : एकोणिसाव्या शतकात त्याला लागूनच गुलामांचे कोंडवाडे होते आणि राजधानीतला गुलामांचा व्यापार १८५० पर्यंत चालला. शिवाय शेजारचा स्तंभ ज्याच्या नावाचा, तो पहिला राष्ट्राध्यक्षही गुलाम बाळगून होता. असे संग्रहालय आडबाजूच्या उंचवट्यावर पाठवले असते, तर त्याचा अर्थ कुणालाही कळला असता. ३० जानेवारी २००६ रोजी स्तंभाशेजारची जागा पक्की झाली.

आक्षेपांची किंमत मात्र मोजावी लागली. २००९ मध्ये निवडलेला आराखडा परवानगी देणाऱ्या मंडळांपुढे आकसत गेला आणि निम्म्याहून अधिक इमारत जमिनीखाली गेली. तिथे भूजल वरच, म्हणून भोवती भिंत घालून पाणी उपसत खोदकाम झाले. वर दिसणाऱ्या तीन उलट्या पिरॅमिडांसारख्या मजल्यांना कांस्याचे पत्रे लावायचे होते. लागले ते त्या रंगाचे ॲल्युमिनियमचे. त्यावरची जाळी दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय लोहारांच्या कामावरून घेतली आहे. गुलामगिरीचा इतिहास तळघरात गेला, आणि माझ्या मते त्याचे भलेच झाले : लिफ्टने पंधराव्या शतकात उतरायचे आणि चढत चढत वर यायचे. वंशभेदाच्या काळातला रेल्वेचा डबा आणि लुइझियाना राज्यातल्या अँगोला तुरुंगाचा पहारा-मनोरा क्रेनने आधी आत सोडून मग वर छत घातले गेले.

२००५ मध्ये संचालक नेमले गेले तेव्हा संग्रहात एकही वस्तू नव्हती. लोकांनी माळ्यावरच्या पेट्या उघडल्या. घरगुती चित्रफिती तर मोफत डिजिटल करून परत दिल्या गेल्या. एकूण खर्च सुमारे ५४ कोटी डॉलर, त्यातला निम्मा संसदेचा.

मार्च २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात या संग्रहालयाचा नाव घेऊन उल्लेख आहे. देशाचा इतिहास नकारात्मक रंगवला जातो, असा ठपका त्यात आहे. दरम्यान १९९४ मधली ती भीती एका अर्थाने खरी ठरली. डिसेंबर २०२० मध्ये महिला आणि लॅटिनो इतिहासाच्या संग्रहालयांना मंजुरी मिळाली, २०२२ मध्ये त्यांच्यासाठी सुचवलेल्या दोन्ही जागा मॉलच्या, नवी भर नको म्हणून राखलेल्या त्याच पट्ट्यात येतात, आणि तिथे बांधायचे तर पुन्हा संसदेची परवानगी लागते.