घरच्या घरी मेंदूची टेस्ट आणि आत्याचा जुना मोबाईल

आत्याला मोबाईलवरच्या स्मरणशक्तीच्या टेस्टला रविवारी बसवलं, तिथंच माझं चुकलं. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं घर, गॅसवर मटणाचा कुकर, खाली गल्लीत तालमीच्या पोरांचा कालवा, आणि मधे सोफ्यावर चष्मा नाकावर ओढून मोबाईलवरचे पाच शब्द मोठ्यानं वाचणारी आत्या. शब्द दाखवून झाले की ॲप पाच मिनिटं दुसरंच काहीतरी करायला लावतं, आकडे उलटे म्हणा, ठिपके क्रमानं जोडा वगैरे, आणि मग हळूच विचारतं की मघाचे ते पाच शब्द कुठले हो? आत्याला तीन आठवले, चौथ्याला अडकली, तेवढ्यात किचनमधून वहिनी ओरडली, "आई, शेवंती की ओ!" झालं. टेस्ट गेली पाण्यात.

वर आत्याच मला म्हणते, "आरं, पाच शब्दांचं काय घिऊन बसलास, तीस वर्सं आख्ख्या गल्लीची उधारी तोंडपाठ ठेवलीया मी."

ठेवलीय खरंच, किराणा दुकान होतं तिचं. पण आजीला, म्हणजे तिच्या आईला, शेवटी शेवटी बिंदू चौकातून घराचा रस्ता सापडायचा नाही, आणि आई-वडिलांपैकी कुणाला डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज खालावत जाणारा आजार, असला की मुलांची रिस्क इतरांपेक्षा जास्त असते. त्यात आत्याला शुगर आहे आणि अलीकडं ऐकूही कमी येतंय. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनचा 2024 चा रिपोर्ट आहे, त्यात बदलता येण्यासारखी 14 कारणं दिलीत, त्यात ही दोन्ही आहेत, आणि सगळी 14 काढून टाकता आली तर जगातल्या जवळपास 45 टक्के केसेस टळतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज आहे. म्हणून हा खटाटोप.

आता पाच शब्दच का, तर अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या नेहमीच्या प्रकारात, सगळ्यात आधी मार बसतो तो मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाला आणि त्याच्या शेजारच्या भागाला, आणि नवीन गोष्ट डोक्यात पक्की करायचं काम तिथलंच. जुनी उधारी मेंदूत दुसरीकडं मुरलेली असते, ती बरेच दिवस शाबूत राहते. त्यामुळं "तिला 1972 चा दुष्काळ तारीखवार आठवतोय, तिला काय धाड भरलीय" हे आपलं नेहमीचं वाक्य तसं बिनकामाचं आहे. सकाळी कोण आलं होतं ते विचारा. शिवाय मेंदूतली गडबड लक्षणं दिसायच्या 10-20 वर्षं आधीच सुरू झालेली असते, म्हणून बारीक फरक लवकर पकडायची ही धडपड.

ब्रिटनमध्ये 2015 पासून प्रोटेक्ट नावाचा अभ्यास चालू आहे, एक्सेटर युनिव्हर्सिटी आणि लंडनचं किंग्ज कॉलेज मिळून चालवतात. पन्नाशीपुढची, डिमेन्शिया नसलेली 25 हजारांवर माणसं त्यात आलीत, ती घरी बसून आपल्याच कॉम्प्युटरवर दरवर्षी टेस्ट देतात. दरवर्षी, हे महत्त्वाचं. कारण घरच्या टेस्टची खरी ताकद एका मार्कात नाहीच. आज 30 पैकी 25 आले याला तसा अर्थ नाही, रात्री झोप झाली नसेल, कुकरची शिट्टी झाली असेल. आत्याची तुलना आत्याशीच करायची, गेल्या वर्षीच्या आत्याशी.

यात एक गंमत आहे. दुसऱ्यांदा तीच टेस्ट दिली की मार्क थोडे वाढतात, कारण खेळ ओळखीचा झालेला असतो. मग कुणाचे मार्क तेवढेच राहिले तर आपण म्हणतो चला, बरं चाललंय, पण सरावानं जे वाढायला पाहिजे होतं ते वाढलंच नाही ही पण एक खूण असू शकते.

आणि मोबाईल बदलायचा नाही! टेस्टमध्ये वेगही मोजतात, आणि चित्र दिसलं की बोट टेकवायला धडधाकट माणसाला साधारण 200-300 मिलिसेकंद लागतात, आणि टचस्क्रीन स्वतःच त्यातले बरेच मिलिसेकंद खाते, ते पण प्रत्येक मॉडेलचे वेगळे. म्हणजे दिवाळीला पोरानं नवा फोन दिला की आत्या कागदावर एकदम तल्लख झाली.

जरा हिशोब करू. भारतात 60 च्या पुढं डिमेन्शियाचं प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे 88 लाखांच्या आसपास माणसं, असा अंदाज 2023 मध्ये आला. हजार म्हाताऱ्यांत 74 धरा. समजा टेस्ट शंभरातले 80 आजारी बरोबर पकडते आणि शंभरातल्या 20 चांगल्या माणसांना उगाच लाल दिवा दाखवते. 59 खरे सापडले, पण उरलेल्या 926 मधले 185 जण फुकटचे घाबरले. लाल दिवा लागलेल्या चारांत जेमतेम एक खरा. त्यामुळं स्कोअरचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकून रडारड नको, डॉक्टरकडं जायचं. बी12 कमी, थायरॉईड, डिप्रेशन, झोपेच्या गोळ्या, यानं पण स्मरणशक्ती घसरते आणि यातलं बरंचसं सुधारतं.

शिक्षणाचा मुद्दा वेगळाच. दवाखान्यात स्मरणशक्ती आणि समज तपासायला दोन टेस्ट वापरतात, एमएमएसई 1975 ची, मोका 2005 ची, दोन्ही 30 मार्कांच्या, दोन्ही शिकलेल्या माणसाला सोप्या जातात. मोकात 12 वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक मार्क वाढवून देतात. सातवी झालेल्या आत्याला एका मार्कानं काय होतंय! आपल्याकडं हरियाणात बल्लभगढला निरक्षर म्हाताऱ्यांसाठी हिंदी टेस्ट बेतून घेतली होती, तो पेपर 1995 चा. नुसतं भाषांतर करून भागत नाही हे तेव्हाच कळलेलं.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी दहाला परत बसवलं. चहा झालेला, टीव्ही बंद, वहिनी भाजीला गेलेली. चार शब्द आले. हा आता आमचा पहिला आकडा, पुढचा सहा महिन्यांनी. कानाची तपासणी तेवढी या महिन्यात करायचीय. आणि तो जुना मोबाईल आत्यानं कुणाला हात लावू न देता कपाटात ठेवलाय, चार्जरसकट, साड्यांच्या खाली, आणि कुठं ठेवलाय ते मला दोनदा सांगून झालंय.